चीनमध्ये राहावयाचे, तर फोन कोणता?

दुकानात जावे, खिशाला परवडेल तो मोबाइल घ्यावा आणि घरी यावे, एवढ्या साध्या गोष्टीवर वार्षिकांकाची चार पाने खर्च करावयाची काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या गावी राहणाऱ्याच्या मनात तो येणे साहजिकच आहे. आपल्याकडे कोणताही स्मार्टफोन घेतला तरी त्यावर घरच्यांशी बोलता येते, पैसे देता येतात, नकाशा पाहता येतो. फरक पडतो तो किमतीचा, कॅमेऱ्याचा आणि बॅटरीचा. परंतु शिक्षणासाठी वा धंद्यासाठी चीनमध्ये राहणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट अगदी वेगळी आहे. तेथे भलताच फोन हाती असला, तर आईशी बोलणे बंद होते, जेवणाचे पैसे देणे अडते, किंवा भारतातील बँकेचे खाते समोर दिसत असूनही उघडत नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असेही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याकडील मुले-मुली वैद्यक शिकण्यासाठी त्याच देशाची वाट धरू लागली. यीवूच्या घाऊक बाजारात आणि केच्याओच्या कापडपेठेत भारतीय व्यापाऱ्यांचा राबता आहे. अशा माणसांना निघण्यापूर्वी सामानाच्या यादीत मसाले आणि लोणचे आठवते. फोनचा विचार मात्र विमानतळावर उतरल्यावर सुरू होतो. तो आधी का व्हावा आणि कसा व्हावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

भिंतीआडचे जाळे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंटरनेट हे साऱ्या जगाचे एकच जाळे आहे, अशी आपली समजूत असते. चीनमध्ये ते तसे नाही. फेसबुक तेथे २००९ पासून उघडत नाही. गूगलने २०१० साली चीनच्या मुख्य भूमीवरील आपली शोधसेवा गुंडाळली, आणि २०१४ च्या अखेरीस जीमेलही पूर्णपणे अडविले गेले. व्हॉट्सॲपची पाळी २०१७ साली आली. एप्रिल २०१९ मध्ये विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्यांना बंदी झाली. तेव्हा आपला मराठी विकिपीडियाही त्यात आला.

रिकाम्या राहिलेल्या जागा अर्थातच तशाच राहिल्या नाहीत. टेन्सेंट कंपनीचे वीचॅट जानेवारी २०११ मध्ये निघाले आणि निरोप, फोन, पैशांची देवघेव, दवाखान्याची नोंदणी, वर्गाच्या सूचना असे सर्व काही त्या एका ॲपमध्ये येऊन बसले. पैशांसाठी त्याच्या जोडीला अलीपे आहे. नकाशासाठी बायडू आणि गाओड आहेत. गूगलचा नकाशा कोणी कसाबसा उघडलाच, तरी तो तेथे नीट वाट दाखवील याची खात्री नाही. कारण चीनमध्ये नकाशांसाठी सरकारने ठरवून दिलेली वेगळी मोजणी वापरावी लागते आणि तिच्यामुळे जागेची खूण शेकडो मीटर सरकलेली दिसू शकते. रात्री वसतिगृह शोधणाऱ्याला हा फरक थोडा नव्हे.

तात्पर्य, चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला दोन जगांत एकाच वेळी नांदावे लागते. दिवस जातो वीचॅट-अलीपेच्या जगात. मन आणि बँकेचे खाते असते व्हॉट्सॲप-जीमेलच्या जगात. या दोन्ही जगांत जो फोन कमीत कमी अडखळतो तो चांगला, ही आपली पहिली कसोटी. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा विचार त्यानंतरचा.

फोनच्या तीन जाती

या कसोटीवर बाजारातील फोनांच्या तीन जाती पडतात.

पहिली जात चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनांची: शाओमी, विवो, ओप्पो, ऑनर, हुवावे इत्यादी. यांतील काही नावे आपल्याकडेही घरोघरी आहेत, म्हणून पुष्कळांची फसगत होते. नाव तेच, रूप तेच, परंतु आतली व्यवस्था निराळी. चीनसाठी बनविलेल्या फोनमध्ये गूगलचे ॲप-दुकान नसते. प्रत्येक कंपनीचे स्वतःचे दुकान असते. भाषांच्या यादीत बहुधा चिनी आणि इंग्रजी यांखेरीज आपल्या कामाचे फारसे काही नसते. काही कंपन्यांच्या फोनांत गूगलचा पायाभूत भाग झाकून ठेवलेला असतो आणि सेटिंगमध्ये जाऊन तो जागा करता येतो. हुवावेचे तसे नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने त्या कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हापासून तिच्या नव्या फोनांना गूगलची साथ सुटली. आणि २०२४ साली आलेल्या तिच्या नव्या हार्मनी प्रणालीने तर अँड्रॉइडची ॲपे थेट चालविणेच सोडून दिले. यंत्र म्हणून तो फोन उत्तम असेलही. पण भारतीय बँकेचे ॲप हवे असणाऱ्याने त्याच्या वाटेला न जाणे बरे.

येथे एक खुबी समजून घेण्यासारखी आहे. निरोप आला की फोन वाजतो, तो प्रत्येक ॲप सतत जागे राहून वाट पाहते म्हणून नव्हे. साऱ्या ॲपांच्या वतीने एकच टपालवाला दारोदार निरोप पोहोचवितो. आपल्याकडील अँड्रॉइडमध्ये तो टपालवाला गूगलचा असतो. चीनमधील फोनांत ज्या त्या कंपनीचा. त्यामुळे चिनी फोनवर परदेशी ॲप बसविले तरी त्याचे निरोप तासन् तास उशिरा येतात, कारण त्याचा टपालवालाच हजर नसतो. उलट, भारतातून नेलेल्या अँड्रॉइडवर चिनी ॲपे स्वतःच जागी राहू पाहतात आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवितात. फोन बिघडला म्हणून दुकानात नेणाऱ्या कित्येकांचे दुखणे मुळात हे असते.

दुसरी जात भारतातून किंवा अन्य देशांतून नेलेल्या अँड्रॉइडची. तिच्यात गूगल असते, मराठी असते, बँकेची ॲपे आधीच नीट बसलेली असतात. चिनी ॲपे मिळविणे मात्र खटपटीचे. गूगलचे दुकान तेथे उघडत नाही, आणि वीचॅट तर भारतीय दुकानात ठेवलेलेच नाही. ते टेन्सेंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते. मूळ स्थळ सोडून भलत्याच ठिकाणाहून कोणी दिलेली फाइल बसविणे धोक्याचे, हे सांगावयास नकोच.

तिसरी जात आयफोनची. त्याची आतली प्रणाली सर्व देशांत जवळपास एक, आणि त्याचा टपालवाला चीनमध्येही चालतो. मराठी कळफलक कोठल्याही देशात घेतलेल्या आयफोनवर मिळतो. ॲपलचे ॲप-दुकान मात्र खात्याच्या देशाप्रमाणे बदलते. जुलै २०१७ मध्ये ॲपलने आपल्या चिनी दुकानातून व्हीपीएनची ॲपे काढली आणि एप्रिल २०२४ मध्ये व्हॉट्सॲपही काढले. भारतीय खात्यावर वीचॅट मिळत नाही. चिनी खात्यावर व्हॉट्सॲप मिळत नाही. म्हणून जाणकार मंडळी दोन खाती ठेवतात. फोटो, पत्ते यांसाठी मूळ भारतीय खाते कायम ठेवून केवळ खरेदीच्या जागी दुसरे खाते घालता येते. दुसरेही एक कारण आहे. २८ फेब्रुवारी २०१८ पासून चिनी खात्यांचे साठवणीचे काम ग्वेइझोऊ प्रांतातील एका स्थानिक कंपनीकडे आहे. आपली छायाचित्रे व कागदपत्रे कोणत्या देशाच्या कायद्याखाली राहावीत, याचा निर्णय ज्याने त्याने जाणूनबुजून घ्यावा. घाईत एक बटण दाबून तो होऊ देऊ नये.

सिमकार्डाची जागा आणि लहरींचे पट्टे

फोनची जात ठरली, तरी सिमकार्डाचा प्रश्न उरतो आणि तो सर्वांत अधिक नडतो. भारतातील क्रमांक जिवंत ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण बँकेचे गुप्त अंक त्यावरच येतात. यूपीआयची सोय परदेशी क्रमांकांना देण्याचे जानेवारी २०२३ मध्ये ठरले, तेव्हा दहा देशांच्या यादीत हाँगकाँग होते, चीनची मुख्य भूमी नव्हती. म्हणजे एक जागा भारतीय सिमची आणि एक चिनी सिमची. दोन जागा नसलेला फोन परदेशी माणसाला पुरत नाही.

आयफोन घेणाऱ्याने येथे विशेष सावध असावे. चीनच्या मुख्य भूमीवर विकल्या जाणाऱ्या कित्येक आयफोनांत दोन खरी सिमकार्डे बसतात, पण ई-सिम नसते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या आयफोनांत एक खरे कार्ड आणि जोडीला ई-सिम असते. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत कार्डाची जागाच ठेवलेली नाही. चिनी कंपन्यांना फोनसाठी ई-सिम देण्याची मुभा मिळाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, आयफोन एअर तेथे आला तेव्हा. म्हणून अमेरिकेतील काकांनी प्रेमाने दिलेला आयफोन घेऊन चीनला जाणाऱ्या पुतण्याजवळ मोठा किमती फोन असेल, पण चिनी सिम घालावयास त्यात जागा नसेल. भारतीय क्रमांक ई-सिमवर न्यावयाचा असल्यास तेही घरून निघण्यापूर्वीच उरकावे.

यानंतर येतात लहरींचे पट्टे. प्रत्येक मोबाइल कंपनीला सरकार ठराविक लहरी नेमून देते आणि फोनला त्या ऐकू आल्या पाहिजेत. चीनमध्ये जून २०१९ मध्ये ५जीचे परवाने दिले गेले. चायना मोबाइल मुख्यतः ४१ आणि ७९ क्रमांकांच्या पट्ट्यांवर ५जी चालविते. चायना युनिकॉम व चायना टेलिकॉम ७८ क्रमांकाच्या पट्ट्यावर. आपल्याकडील ५जी फोनांत ७८ क्रमांक सर्रास असतो, ७९ क्वचित. युनिकॉमची ४जी सेवा १, ३ आणि ८ या जगभर चालणाऱ्या पट्ट्यांवर असल्याने बाहेरून आणलेल्या फोनला तीच बहुधा मानवते. सिम विकणारा हे सांगत नाही. फोनच्या खोक्यावरील वा कंपनीच्या संकेतस्थळावरील यादी आपणच पडताळून पाहावी. चीनमध्ये फोन घेऊन पुढे भारतात आणणाराने हीच तपासणी उलट बाजूनेही करावी.

पैसा आणि नाव

चीनमध्ये सिम पारपत्र दाखविल्याखेरीज मिळत नाही आणि १ डिसेंबर २०१९ पासून नवा क्रमांक घेताना चेहऱ्याचीही नोंद होते. क्रमांक पारपत्राला जोडलेला, बँकेचे खाते क्रमांकाला, वीचॅट व अलीपे त्या खात्याला. ही साखळी एकदा जुळली म्हणजे भाजीवाल्यापासून विद्यापीठाच्या शुल्कापर्यंत सारे व्यवहार फोनवर होतात. परंतु तिचा एक दुवा तुटला की सगळे थांबते.

आपल्या मराठी नावांची येथे गंमत होते, आणि ती गंमत भोगणाऱ्याला हसू येत नाही. पारपत्रावर स्वतःचे व वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असते. बँकेतील कारकून कोणते नाव आधी टंकतो, मधली जागा सोडतो की नाही, यावर पुढचे अवलंबून असते. ॲपमध्ये नाव अक्षरशः तसेच घातले नाही तर ओळख पटत नाही. म्हणून बँकेतून बाहेर पडण्यापूर्वी नाव कसे नोंदले आहे ते लिहून घ्यावे. पारपत्राची मुदत संपून नवे घेतले, तर त्याचा क्रमांक बदलतो. तेव्हा सिम, बँक आणि ॲपे या सर्व ठिकाणी तो बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी जुने पारपत्र जपून ठेवावे.

थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०२३ पासून परदेशी बँकांची कार्डे अलीपे व वीचॅटला जोडणे पुष्कळ सुलभ झाले. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार नाही. त्यापुढील रकमेवर शेकडा तीन द्यावे लागतात. २०२४ साली एका वेळच्या खर्चाची मर्यादाही एक हजार डॉलरवरून पाच हजारांवर नेली गेली.

फोन म्हणजे तेथे माणसाचे ओळखपत्र आहे, हे महासाथीच्या काळात सर्वांना कळून चुकले. फेब्रुवारी २०२० मध्ये हांगझोऊ शहरात आरोग्य-संकेताची पद्धत सुरू झाली आणि लवकरच देशभर पसरली. फोनवर हिरवी खूण दिसली तरच दुकानात, बसमध्ये, वसतिगृहात प्रवेश. डिसेंबर २०२२ मध्ये ती पद्धत मागे पडली. परंतु ज्याच्याजवळ चालता फोन नव्हता त्याला त्या तीन वर्षांत दारोदार किती समजूत घालावी लागली असेल, याची कल्पना करावी.

घरचा आवाज

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याकडे वळू. समजा, लातूरची एक मुलगी वूहानला वैद्यक शिकत आहे. तिच्या आईच्या फोनवर व्हॉट्सॲप आहे. ते चीनमध्ये चालत नाही. मुलीच्या फोनवर वीचॅट आहे. त्यावर भारत सरकारने २९ जून २०२० रोजी इतर ५८ ॲपांबरोबर बंदी घातली. गलवानच्या खोऱ्यात जवान धारातीर्थी पडले त्यानंतरचे ते दिवस होते आणि निर्णयामागे देशाच्या सुरक्षिततेचे कारण होते. त्याची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु परिणाम असा, की एक भिंत तिकडून आणि एक इकडून. मायलेकी दोन भिंतींच्या दोन बाजूंना. नोव्हेंबर २०२० च्या यादीत डिंगटॉकही आले. चीनचे दरवाजे बंद झाल्यामुळे हजारो भारतीय विद्यार्थी तेव्हा घरीच अडकले होते आणि त्यांचे वर्ग अशाच ॲपांवरून चालत होते. त्यांना परतीचा व्हिसा देण्याचे चीनने जाहीर केले ते ऑगस्ट २०२२ मध्ये.

भिंत ओलांडण्याचा उपाय म्हणून व्हीपीएनचे नाव सर्वांच्या तोंडी असते. त्याविषयी स्पष्ट लिहिणे बरे. सरकारची मान्यता नसलेले व्हीपीएन चिनी कायद्यात बसत नाही; ते विकणाऱ्यांना शिक्षा झाल्या आहेत आणि वापरणाऱ्यांना दंड झाल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय ते केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो, आणि नेमके सणावारी, परीक्षेच्या वेळी ते बंद पडते. घराशी असलेला एकुलता एक धागा अशा गोष्टीवर सोडू नये.

सरळ मार्ग चार आहेत. पहिला, भारतीय सिमवरून रोमिंग. यात आपली माहिती भारतीय कंपनीच्या जाळ्यातून फिरून येते, म्हणून व्हॉट्सॲप चालते. खर्च जास्त येतो. पण पहिला आठवडा आणि अडीअडचणीचे दिवस यांसाठी हा मार्ग हुकमी आहे. दुसरा, दोन्हीकडे ॲपलची यंत्रे असल्यास फेसटाइम. तिसरा, गूगलखेरीज अन्य कंपनीचा ईमेल पत्ता. तो निघण्यापूर्वीच उघडून विद्यापीठाला व बँकेला कळवून ठेवावा. चौथा, जुना, साधा, आंतरराष्ट्रीय फोन. परदेशस्थांनी वर्षानुवर्षे वापरलेले स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले, यावरून एकाच सोयीवर विसंबण्यातील धोका कळावा. आईच्या फोनमध्ये मुलीचा चिनी क्रमांक +८६ लावून साठविलेला असावा आणि एकदा प्रत्यक्ष फोन लावून पाहिलेला असावा. ज्या घरात हे झालेले नसते, तेथे व्हॉट्सॲप दोन दिवस शांत राहिले की रडारड सुरू होते.

खरेदी करताना

चीनमध्येच फोन घ्यावयाचा झाल्यास कंपनीचे स्वतःचे दुकान किंवा जेडीसारखे मोठे विक्रीस्थळ बरे. तेथील नियमाप्रमाणे दोष निघाल्यास सात दिवसांत परत, पंधरा दिवसांत बदली आणि एक वर्ष दुरुस्ती, असा ग्राहकाचा हक्क असतो. मात्र त्यासाठी ‘फापियाव’ म्हणजे करखात्याच्या नमुन्यातील पक्के बिल जवळ लागते. साधी पावती देऊन वेळ मारून नेणारा दुकानदार सर्व देशांत असतो. शेनझेनच्या ह्वाछ्यांगबै बाजारपेठेची कीर्ती मोठी आहे. सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी ती पाहण्यासारखी आहे. पण नवा म्हणून विकला जाणारा फोन खरोखर नवा आहे की जुन्याला नवे कवच चढविले आहे, हे ओळखण्याची नजर नसेल तर तेथे स्वस्ताच्या मोहात पडू नये. चिनी फोनमध्ये परदेशी प्रणाली घालून विकणारेही भेटतात. अशा बदललेल्या फोनवर बँकांची ॲपे पुष्कळदा उघडण्यास नकार देतात, हे ध्यानात ठेवावे.

मग घ्यावा तरी कोणता?

चार-पाच वर्षे शिकावयास जाणाऱ्याने, ऐपत असल्यास, भारतात घेतलेला, एक खरे सिम व एक ई-सिम घेणारा आयफोन न्यावा. सध्याचे मॉडेलच पाहिजे असे नाही, आधीच्या वर्षाचेही चालेल. ऐपत तेवढी नसल्यास एका महागड्या फोनऐवजी दोन साधे फोन न्यावेत हे उत्तम. भारतातून नेलेला अँड्रॉइड हा घराचा आणि बँकेचा फोन. तेथे गेल्यावर घेतलेला स्वस्त चिनी अँड्रॉइड हा बाजाराचा आणि वर्गाचा फोन. प्रत्येक जगाला त्याचा त्याचा टपालवाला मिळतो, आणि एक हरवला वा बिघडला तरी माणूस अगदीच परका होत नाही. व्यापारासाठी महिना-पंधरा दिवस जाणाऱ्याला आपला नेहमीचाच फोन, रोमिंग आणि कार्ड जोडलेले अलीपे एवढे पुरते.

निघण्यापूर्वीची तयारी पुन्हा थोडक्यात सांगतो. वीचॅटचे खाते उघडताना आधीपासूनच्या सभासदाची साक्ष मागितली जाऊ शकते. तेव्हा तेथील एखाद्या वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्याशी आधी ओळख करून घ्यावी. लहरींचे पट्टे तपासावेत. बँकेची ॲपे घरीच बसवून चालवून पाहावीत. आणि महत्त्वाचे क्रमांक, आईचा, दूतावासाचा, वसतिगृहाचा, एका कागदावर शाईने लिहून पारपत्रात ठेवावेत. बॅटरी संपल्यावर कोणत्याही जातीचा फोन सारखाच मुका होतो. कागदाचे तसे होत नाही.

दोन मोठ्या देशांनी आपापल्या कारणांसाठी भिंती घातल्या. त्या पाडणे विद्यार्थ्याच्या हाती नाही. त्या कोठे आहेत हे ओळखून आपली वाट आखणे मात्र त्याच्या हाती आहे. फोनची निवड ही त्या वाटेवरील पहिली पायरी होय. तिकडे निघालेल्या आपल्या एखाद्या मित्राला वा मैत्रिणीला या चार पानांचा उपयोग झाला आणि परगावी पहिल्याच रात्री तिचा फोन घरी लागला, तर लेखाचे सार्थक झाले असे समजावे.